तिघींचं एक बाळ

कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसू नये असंच ते आहे. पण राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली त्या दिवशी लंडनमधल्या डेप्टफर्डच्या टॅनर्स रो या गल्लीत एकाच बाळाला तीन आया निघाल्या. आणि तिघींपैकी एकीनंही खोटं सांगितलं नाही.

थर्झा पेनफोल्डला बोलवायला एक धोबीण धावत आली. पैसे घेऊन परक्यांची तान्ही मुलं सांभाळणाऱ्या घरांवर नजर ठेवणं ही थर्झाची नोकरी. "चला लौकर," धोबीण म्हणाली, "नाहीतर ते पोर मधोमध फाटेल."

गल्लीभर पताका होत्या, टेबलं मांडली होती आणि असंच पैसे घेऊन मुलं सांभाळणाऱ्या ओकॉटबाईच्या दारात दोन मोलकरणी एका गुटगुटीत बाळाला दोन्हीकडून ओढत होत्या. मर्सी म्हणत होती, हा माझा जेम, ही शाल मी विणलीय. ऑनर म्हणत होती, हा माझा सिलास, टोपडं मी शिवलंय. शाल मर्सीनंच विणली होती. टोपडंही ऑनरनंच शिवलं होतं.

मर्सीला महिन्यातला पहिला रविवार सुटीचा, ऑनरला तिसरा. मालकिणींनी तसं ठरवलं होतं, आणि ओकॉटबाईला ते पाठ होतं. पण आज राणीची मिरवणूक. लंडनभरच्या मालकिणींनी एकाच दिवशी नोकरांना मोकळं सोडलं. ओकॉटबाईला राणीचं स्मरण राहिलं नाही.

मधे सार्जंट ब्रे उभा होता, याच भागातला पोलीस. त्यानं बाळ काढून घेतलं, खांद्यावर टाकलं. बाळ चूप. बाळानं त्याच्या शिट्टीची साखळी शोधली आणि सरळ तोंडात घातली.

थर्झानं ओकॉटबाईला विचारलं, "बाळ कुणाचं?"

"मर्सीचं."

"मग ऑनरचं कुठंय?"

"गेल्या आठवड्यात तिच्या मावशीनं नेलं."

"मला मावशीच नाही," ऑनर म्हणाली.

"मग मावशी म्हणवणाऱ्या बाईनं. मी काय वंशावळ विचारत बसू?"

थर्झानं आत जायला पाऊल उचललं. सार्जंट दारात आडवा आला. एक बाळ, एक दाई. एका बाळासाठी घराची नोंद लागत नाही, आणि नोंद नसलेल्या घरात तुमचा अधिकार चालत नाही, असं त्यानं समजावलं. "सणाचा दिवस आहे, पेनफोल्डबाई. घरी जा, भाजलेलं मटण खा."

कायदा तो बरोबर सांगत होता, म्हणूनच थर्झाची कानशिलं तापली. या घराबद्दल तिनं वरिष्ठांना किती वेळा सांगितलं होतं, आणि दर वेळी हेच उत्तर मिळालं होतं. कुत्रा पाळायला या देशात परवाना लागतो.

मर्सीनं तिची बाही धरली. "बाई, हा माझा नसेल तर माझा कुठाय?"

थर्झा म्हणाली, बाळ माझ्याकडे द्या, भुकेलं दिसतंय. बाळानं लगेच तिच्या छातीवर नाक घासायला सुरुवात केली. ओकॉटबाईनं लांब रबरी नळीची बाटली आणली. बाळानं जिभेनं नळी बाहेर ढकलली. नळी इतकी कोरडी की तिला भेगा पडल्या होत्या. मागच्या दोरीवर बाईचे परकर वाळत होते. लंगोट एकही नव्हता.

थर्झा पायरीवर बसली.

"आता काय?" सार्जंटनं विचारलं.

"बसते."

"बाळ द्या इकडे. मी सोडतो."

"कुठे सोडता?"

बाळाला भूक लागली होती. त्यानं टाहो फोडला. थर्झा त्याला थोपटत राहिली, पण उठली नाही. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

टोकाच्या टेबलाशी केकचा ट्रे घेऊन एक तरुण बाई उभी होती. ती थबकली. तिच्या पोलक्यावर समोर दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले. ट्रे तिथंच टाकून ती धावत आली.

"हे आमचं आहे," ती म्हणाली. "सासूबाईंकडे असायला हवं. इथं कुणी आणलं?"

ती एडिथ ब्रे. सार्जंटची बायको.

बाळ तिच्या कुशीत गेल्यावर थर्झा उठली. आता तिचा आवाज गल्लीला ऐकू जात होता.

"हे बाळ कधी बाटलीवर वाढलेलं नाही. या घरात कुणी लंगोट धुतलेला नाही. म्हणजे ते इथं राहत नाही, रविवारपुरतं येतं. मर्सी आली की तिच्या शालीत, ऑनर आली की तिच्या टोपड्यात. आज एक अचानक उगवली म्हणून बाळ घाईनं आणलं, हाताला लागेल ते अंगावर चढवलं, तोवर दुसरीही आली. महिन्यातून एकदा बघणाऱ्या आईला काय कळणार? बाळ वाढतं, बदलतं. पोर धष्टपुष्ट आहे म्हणून पोरी पगार ओतत राहिल्या. आणि अनोळखी पोलिसाच्या खांद्यावर मूल असं गप्प होत नाही, सार्जंट. साखळी कुठं लटकते हे त्याला माहीत होतं, कारण ते रोज तीच चघळतं. तुम्ही भाड्यानं दिलंत पोटचं पोर, आणि दारात उभे राहून मला कायदा शिकवलात. म्हणजे या बाईनं एका नव्हे, दोन बाळांचे पैसे घेतले, आणि ती दोन्ही बेपत्ता आहेत. सरका."

मर्सी ऐकायला थांबलीच नव्हती. ती माडीवर पोचली होती.

वर अंड्यांच्या तीन खोक्यांत गवत घातलं होतं. दोन खोक्यांत दोन मुलगे, अफूच्या गोड औषधानं गुंगलेले, डोकी भादरलेली, हातपाय काडीसारखे. इतके सारखे की मर्सीला आपला कुठला ते ओळखेना. तिनं दोन्ही उचलले. ऑनर धापा टाकत आली तेव्हा मर्सीनं न बोलता एक तिच्या हातात दिला. आधी दूध, ओळख मग, असं थर्झा म्हणाली. तिसरं खोकं रिकामं होतं. त्यातलं गवत मात्र बाळाएवढं दबलेलं होतं.

खाली गल्ली दारात जमली होती. कसाई बाह्या सरसावून उभा होता. सार्जंटनं टोपी नीट केली.

"माझा काय संबंध?" तो म्हणाला. "बायकांचं आपापसात काय चालतं ते मला ठाऊक नाही. हिनं शेजारीण म्हणून बाळ दिलं असेल. मी तर या घराची पायरी आज पहिल्यांदा पाहतोय."

एडिथ भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत होती. ती वळली नाही.

"खोटं बोलतोय हा," ती म्हणाली. "रविवारी आईकडे म्हणून बाळाला हाच घेऊन जायचा. परत आणलं की मी मुका घ्यायचे, तर बाळाचे डोळे कोरडे, पण गाल खारट लागायचे. मी विचारलं, तर म्हणाला, नदीवरचा वारा."