काकांच्या सायकलची सैल पुंगळी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी शपथबिपथ घेणार नाही. मी तिथे होते आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं, एवढंच सांगते.

आणि भुताखेताच्या गोष्टीत असते तशी रात्रही नव्हती. भर दुपार होती. दुकानाचं शटर पूर्ण वर होतं. समोरच्या शिंप्याचं मशीन चालू होतं, आणि मी एका ट्यूबला पॅच लावत बसले होते.

पण थोडं मागचं सांगायला हवं.

सायकल दुरुस्तीचं हे दुकान माझ्या मावशीच्या नवऱ्याचं. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांचा एक भागीदार होता. सायकल परत देताना तो दरवेळी 'एकदम पक्कं केलंय' म्हणायचा, म्हणून सगळे त्याला पक्काच म्हणायचे.

जगाच्या सायकली दुरुस्त करणाऱ्या काकांची स्वतःची सायकल मात्र कायम खिळखिळी. एकदा तिचं मागचं कॅरियर हलायला लागलं. कॅरियरचा स्क्रू जिथे बसतो, तिथे फ्रेमच्या नळीत एक छोटी पुंगळी दाबून बसवलेली असते. तिला आतून आटे असतात. ती सैल झाली की स्क्रूबरोबर नुसती गोल गोल फिरते. धड घट्ट होत नाही, धड निघत नाही. मग ड्रिल मारून जुनी काढायची आणि नवी दाबून बसवायची. काम किचकट, डोकं खाणारं.

पक्का म्हणाला, दादा, तुम्ही कशाला त्रास घेता, मी करून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी उतारावर ते कॅरियर सुटलं आणि चाकात अडकलं.

काका जागच्या जागी गेले.

पक्क्याने सगळ्यांना सांगितलं, की ती दुरुस्ती दादांनी स्वतःच केली होती, आपण हातसुद्धा लावला नव्हता. लोकांना काय, बोलायला विषयच हवा होता. स्वतःची सायकल नीट करता आली नाही तो आमची काय करत होता, असं दुकानात येऊन बोलायला लागले. नवरा गेल्याचं दुःख मावशीने गिळलं. पण त्याच्या कामाला नावं ठेवलेली तिला सहन होत नव्हती. तिने ती मोडकी फ्रेम दुकानाच्या भिंतीवर टांगली.

मग एक दिवस ती फ्रेम वाजली...

खुळ्... खुळ्...

कोणी हात लावला नव्हता. पंखाही बंद होता.

मावशीने फ्रेम खाली उतरवली, उलटी केली, हलवली. ज्या भोकातून पुंगळी आत घसरली होती, त्याच भोकातून ती तिच्या तळहातावर पडली.

पुंगळीला चहूबाजूंनी लांबी चिकटलेली होती. रंगारी भिंतीच्या भेगांत भरतात, ती लांबी. भोकात लांबी थापायची, वरून रंग मारायचा, की दिवसभर पुंगळी घट्ट वाटते. वजन पडलं की संपलं. काका असल्या कामाला जन्मात शिवले नव्हते.

मावशीने पुंगळी पक्क्याच्या नाकासमोर धरली. त्याने डोळ्याची पापणीही हलवली नाही. दादांनीच भरली असेल घाईत, म्हणाला.

"बरं," मावशी म्हणाली.

मला ते 'बरं' अजिबात आवडलं नाही.

त्या दिवसापासून पक्क्याचं एकही काम टिकेना. तो बाटलीचा होल्डर बसवायचा, मडगार्ड आवळायचा आणि वळायचा. पाठ फिरली की...

खर्र... खर्र...

स्क्रू आपोआप उलटा फिरून बाहेर यायचा.

मी आवळलेले स्क्रू जागच्या जागी असायचे. फक्त त्याचेच सुटायचे.

आता त्या दुपारचं सांगते.

एक बाई सायकल घेऊन आल्या. मागे लहान मुलीची सीट, आणि सीट ज्या कॅरियरवर होती, त्याचीच पुंगळी फिरत होती. मुलगी त्यांच्या कडेवर होती. पक्का म्हणाला, बसा, आत्ता देतो.

आणि त्याने खणातून लांबीचा डबा काढला.

माझ्या हातातला पॅच गळून पडला. माणूस इतका निगरगट्ट असू शकतो? मी काही बोलणार तेवढ्यात मावशीने माझा हात दाबला.

पक्क्याने लांबी थापली. स्क्रू लावला. पिळायला सुरुवात केली.

समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं...

रस्त्यावरचे आवाजही थांबले. रस्त्यावर माणसं होती, चालत होती. आवाज मात्र नव्हता.

पुंगळी फिरायला लागली. पक्क्याने हात काढला तरी फिरतच राहिली. ओल्या लांबीचे गोळे खाली पडले. पुन्हा भिंतीवर टांगलेल्या फ्रेमच्या मोकळ्या भोकातून तसाच खर्र खर्र आवाज येत होता. त्या भोकात पुंगळीच नव्हती.

"वहिनी, हे तुम्ही करताय," पक्का म्हणाला.

"मी इथे बसलेय," मावशी म्हणाली.

पक्का मटकन खाली बसला.

"मीच भरली होती लांबी. दादांना खोटंच सांगितलं, नवी बसवली म्हणून. मला घरी जायची घाई होती."

बाईंनी ऐकलं. मी ऐकलं. पुंगळी थांबली.

मला वाटलं, सुटलो. पक्का मावशीकडे पाहत होता.

"वहिनी, आता बास म्हणा त्यांना. तुमचं ऐकतील ते."

मी मावशीच्या तोंडाकडे पाहिलं. ती फडक्याने एकेक बोट पुसत होती.

ती काहीच बोलली नाही.

काकांची एक सवय होती. काम पूर्ण झालं, की पान्याने फ्रेमवर दोनदा ठोकायचे.

टक्... टक्...

आवाज फ्रेमवर झाला नाही. पक्क्याच्या मनगटांवर झाला. एकदा उजव्या, एकदा डाव्या. मी माझ्या कानांनी ऐकलं. जखम नाही, ओरखडा नाही. तो नुसता स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

बाईंच्या सायकलला ड्रिल मारून नवी पुंगळी मी बसवली. मुलीला सीटवर बसवण्याआधी मी स्वतः कॅरियरवर भार टाकून पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून पक्क्याला चहाचा कप धरता येईना. त्याचे दोन्ही पंजे मनगटात गोल फिरतात. पूर्ण गोल. पकड म्हणून उरलेली नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढले. सगळं जागच्या जागी आहे म्हणतात.

त्या बाईंनी खरं काय ते सगळीकडे सांगितलं. लोक येऊन मावशीसमोर खाली मान घालून उभे राहिले. काकांचं नाव स्वच्छ झालं. मला आनंद व्हायला हवा होता.

एका संध्याकाळी घरी धीर करून मी तिला विचारलं, "मावशी, तू बास म्हणाली असतीस तर?"

"थांबले असते. आयुष्यभर माझं ऐकलं त्यांनी."

"मग म्हणाली का नाहीस?"

"म्हणून तर नाही म्हणाले."

असं म्हणून तिने दिवा लावला, गॅसवर पाणी ठेवलं आणि मला विचारलं, भाजी निवडून ठेवलीस ना.

हो म्हणायला मी तोंड उघडलं होतं. भाजी पिशवीतच होती.

"नाही, मावशी," मी म्हणाले, आणि लगेच निवडायला बसले.