उजवाच का तुटतो?

ॲक्सल तुटण्यात डावखुऱ्या मेकॅनिकचा फायदा काय, ते आधी मांडू. दर वेळी एका दिवसाची जादा मजुरी, गॅरेजमालक उस्तादाच्या शिव्या आणि कोपरापर्यंत ग्रीस. एवढ्यासाठी कुणी चांगला पार्ट मोडत नाही. पण पलीकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या गॅरेजने त्याला नोकरी देऊ केली होती, हे सगळ्यांना कळलं होतं. त्या गॅरेजची गाडी रविवारच्या शर्यतीत होती. तिला मागे टाकेल अशी गाडी एकच, उस्तादाकडची, आणि तिचे ॲक्सल डावखुराच बसवायचा. म्हणजे फायदा सापडला. फायदा एकदा सापडला की पुरावा काय, सवडीने गोळा करता येतो.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता मावशीचा फोन वाजला.

"मावशी, पुन्हा तुटला," धाकटा भाचा म्हणाला. त्याचा आवाज रडायच्या बेतात होता, पण चौतिशीच्या माणसाला शोभेल इतपत दाबलेला.

"कितवा?"

"चौथा. उजवाच. तू ये ना."

मावशीने बावीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या. लोखंड खोटं बोलत नाही आणि माणूस खरं बोलायला वेळ लावतो, एवढं शिकून ती निवृत्त झाली होती. चहा अर्धा टाकून ती निघाली.

बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे काँक्रीटचा एक लांब पट्टा होता. धाकटा तिथे 'उडी'चा सराव करायचा. गाडी जागेवर उभी, इंजिन किंचाळेपर्यंत चढवायचं, क्लच एकदम सोडायचा आणि गाडी सुटायची. शर्यत पाव मैलाची. जिंकायचं की हरायचं ते पहिल्या दोन सेकंदांत ठरतं. गाडी मूळची साधी, घरातली. उस्तादाने तिच्या इंजिनाची ताकद दुपटीहून जास्त वाढवली होती.

आता ती पट्ट्याच्या सुरुवातीलाच वाकडी उभी होती. जेमतेम सहा फूट गेलेली. उस्ताद चाकाशी उकिडवा बसला होता. डावखुरा गाडीखालून तुटलेला दांडा काढत होता. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा हा पोलादी दांडा, म्हणजेच ॲक्सल, बरोबर मधोमध तुटला होता.

धाकट्याचा थोरला भाऊ बाजूला उभा होता. गाडीचा सगळा खर्च त्याचा, त्यामुळे बोलायचा हक्कही त्याचाच.

"उस्ताद, शनिवारी दुपारपर्यंत ह्याला काढ," तो डावखुऱ्याकडे न बघता म्हणाला. "नाहीतर ही गाडी तर नेतोच, माझ्या सांगण्यावरून आलेल्या बाकीच्या सातही नेतो."

"चौदा वर्षं आहे हो तो माझ्याकडे."

"मग पंधरावं तुझ्या गॅरेजला दिसू दे."

उस्तादाच्या गॅरेजात एकूण अकरा गाड्या होत्या. अकरातून आठ गेल्या की उरतं काय, हे सांगायला मावशी लागत नव्हती.

डावखुरा गाडीखालून बाहेर आला, हात पुसले, दोन्ही तुकडे काँक्रीटवर ठेवले आणि पाने-पक्कड गोळा करू लागला.

मावशी तुकड्यांवर वाकली. थोरल्याने लगेच ते उचलून पोत्यात घातले. "हे माझ्याकडे राहतील. पुरावा आहे."

"बघू तरी दे रे."

"गोदामात ये, सावकाश बघ. आधीचेही तिथेच आहेत."

दुपारी मावशी गॅरेजात गेली. डावखुरा एका गाडीचा क्लच उतरवत होता.

"चारही ॲक्सल तूच बसवलेस?"

"मीच."

"पहिला कुठे तुटला होता?"

"टोकाला. दांड्याच्या टोकाला खाचा असतात ना, त्या जिथे संपतात तिथे. तो कंपनीचा मूळ दांडा होता बाई, एवढी ताकद त्याला कशी झेपणार? तिथेच तुटायला हवा होता आणि तिथेच तुटला."

"आणि नंतरचे तीन?"

"ते जाड, खास मागवलेले. ते असे तुटायलाच नको होते. आणि तुटले तर टोकाला तुटावेत. मध्यावर कसले तुटतायत!" त्याने पाना आपटला. "तीन आठवडे मी माझाच हात बघतोय. कुठे चुकतोय, तेच कळत नाही."

"बसवताना मध्याला काय करतोस?"

"काही नाही. एक टोक गिअरबॉक्सात, एक टोक चाकात. मध्याला हात लागतो तो उचलण्यापुरता."

"डावा एकदाही नाही तुटला?"

"नाही. डावा आखूड, उजवा लांब. पण जोडी एकाच पेटीतून येते, एकाच पोलादाची."

"पेटी कोण फोडतं?"

"थोरले साहेब. माल मोजून घेतात, मग पाठवतात."

"त्या मोठ्या गॅरेजच्या नोकरीचं काय?"

तो प्रथमच तिच्याकडे नीट बघून बोलला. "दोनदा विचारलं त्यांनी. दोनदा नाही म्हटलं. उस्तादला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पगारवाढ मागतोय असं वाटलं असतं. आता न सांगितल्यामुळे काय वाटतंय, ते तुम्ही बघताच आहात."

उस्ताद आतल्या खोलीत हिशेबाची वही उघडून बसला होता; वाचत मात्र नव्हता.

"तुला काय वाटतं?" मावशीने विचारलं.

"मला काय वाटायचंय? त्याने केलं असेल असं वाटत नाही. नसेल केलं असंही छातीठोक सांगता येत नाही." त्याने वही मिटली. "धाकट्या साहेबांचा पायही जड आहे, बरं का. क्लच असा सोडतात, जणू विंचू चावलाय."

"जड पायाने मधोमध तुटेल?"

"नाही," उस्ताद नाइलाजाने म्हणाला. "पाय काय, उजवा-डावा बघून थोडाच दाबतो?"

शुक्रवारी ती थोरल्याच्या गोदामात गेली. त्याचा धंदा परांच्या भाड्याने देण्याचा. बांधकामावर उभारायचे लोखंडी पाइप छतापर्यंत रचलेले होते: लांब एका बाजूला, आखूड दुसऱ्या बाजूला. दारात एका ट्रकमधला माल उतरत होता आणि थोरला परत आलेला प्रत्येक लांब पाइप मधोमध अंगठ्याच्या नखाने चाचपून बघत होता.

"हा आपला नाही," तो हमालावर ओरडला. "बदलून दिलाय त्यांनी. परत ने!"

"कसं ओळखलंस?" मावशी म्हणाली.

"नखाला कळतं. लोक फार बदमाश, मावशी. चांगला माल ठेवून घेतात, गंजका परत करतात. धंद्यात डोळे उघडे ठेवावे लागतात." त्याने आखूड पाइपांचा ढीग न बघताच आत घ्यायला सांगितला. "लांब आला की आखूड आलाच. जोडीने जातात, जोडीने येतात. बस ना."

मावशी स्टुलावर बसली. "मला सांग, उस्तादाने खास ॲक्सल ठेवून घेऊन हलका बसवला नसेल ना? तेही होतं कधी कधी."

"छे. माल बदललेला नाही. तिन्ही वेळा तोच होता, माझाच."

"खात्री आहे?"

"शंभर टक्के. म्हणून तर म्हणतो, माल चोख आहे म्हणजे हात खोटा आहे."

"बरोबर." मावशीने मान डोलावली. "काल तुटलेल्यातला एक तुकडा नेऊ का घरी? चष्मा लावून बघते."

थोरला मोठ्या मनाने हसला. "ने की. तुझा वेळ जाईल तेवढाच."

पोत्यातून तिने एक तुकडा निवडला. दांडा काळ्या रंगाचा होता. तुटलेल्या बाजूला वीतभर रंग बाकीच्यापेक्षा अंमळ जास्तच चकाकत होता. वाटेत तिने रंग काढायच्या थिनरची बाटली घेतली आणि संध्याकाळ स्वयंपाकघराच्या ओट्याशी काढली.

शनिवारी अकरा वाजता सगळे गॅरेजात जमले. धाकटा येरझाऱ्या घालत होता. उद्या शर्यत, आणि गाडी अजून जॅकवर. थोरला सकाळीच गोदामात उरलेली शेवटची नवी जोडी घेऊन आला होता. डावखुरा आपली हत्यारं पेटीत भरून दाराशी उभा होता. काढल्यावर जाण्यापेक्षा तयार राहिलेलं बरं, असा हिशेब.

"उस्ताद, वेळ झाली," थोरला म्हणाला.

"पाच मिनिटं मला दे," मावशी म्हणाली. "चार दांडे तुटले. पहिल्याचा विचार सोडा. तो साधा होता, जिथे तुटायचा तिथे तुटला. पुढचे तीन मधोमध तुटले. बसवणाऱ्याचा हात फक्त टोकांना लागतो. मग मध्याला कुणाचा हात लागला?"

"रात्री येऊन करत असेल," थोरला म्हणाला.

"रात्री यायचं आणि फक्त लांब दांड्यालाच हात लावायचा? तीनदा? घातपात करणाऱ्याला लांब-आखूड सारखंच. ज्याला लांबच दिसतो, तो माणूस वेगळा." तिने पिशवीतून तुकडा काढला. "हे तोंड बघा. दांडा नुसत्या ताकदीने तुटला असता तर सगळं तोंड एकसारखं खरबरीत दिसलं असतं. इथे काठाला नखाएवढा भाग गुळगुळीत आहे. म्हणजे चीर बाहेरून, ह्या एका जागेवरून सुरू झाली आणि दर उडीला थोडी थोडी आत गेली. वेफरच्या पाकिटाला काठाशी छोटी चीर असते ना? पाकीट कितीही जाड असो, फाटतं तिथूनच."

"चीर कुणी पाडली?" धाकट्याने विचारलं.

"तुकडा थिनरने पुसला. तुटलेल्या काठापासून बोटभर अंतरावर रंगाखाली दुसरी चीर निघाली. सरळ, बारीक, ग्राइंडरची. दोन चिरा पाडल्या होत्या. एकीतून दांडा तुटला, दुसरी उरली." ती थोरल्याकडे वळली. "काल तू म्हणालास, माल बदललेला नाही, शंभर टक्के. काळे दांडे सगळे सारखे. तू कसा ओळखलास?"

थोरल्याने अंगठा मुठीत घेतला.

"नखाने. तुझ्या गोदामात लांब पाइपाच्या मधोमध खूण असते. आखुडाला नसते, तो जोडीने येतोच. टोकाला नसते, का ते तू सांग."

"टोक कापून खूण पळवतात," थोरला सवयीने बोलून गेला.

मावशीने नव्या पेटीतून लांब दांडा उचलला, मधोमध चकाकत्या रंगावर थिनरचं फडकं फिरवलं आणि दांडा उस्तादाच्या हातात दिला. उस्तादाने अंगठा फिरवला. शेजारी शेजारी दोन चिरा होत्या.



"दादा?" धाकटा म्हणाला.

"अरे, पहिला तुटला तेव्हा मला वाटलं, हा उस्ताद खास माल ठेवून घेईल आणि आपल्याला भंगार लावेल," थोरला म्हणाला. "म्हणून ओळखीपुरती खूण केली. पंच ठोकून पाहिला तर उमटेना, एवढं कडक पोलाद. मग ग्राइंडर लावला. एवढीशी चीर रे! माझ्या पाइपांवर माणसं उभी राहतात, त्यातला एक नाही तुटला."

"तुझ्या पाइपावर माणूस उभा राहतो," मावशी म्हणाली. "पिळत नाही त्याला कुणी. ह्याला गाडी पिळते, दर उडीला. चोरी होईल म्हणून तू खूण केलीस. चोरी झाली नाही. तुटला तो तुझ्या खुणेवर."

"म्हणजे मी मुद्दाम केलं?"

"मुद्दाम नाही. मुद्दाम तू फक्त दुसऱ्याचं नाव घेतलंस."

उस्ताद डावखुऱ्याकडे वळला. "अरे, ठेव ती पेटी खाली."

डावखुऱ्याने पेटी ठेवली नाही. "मी केलं नाही, हे आज तुम्हाला बाईंनी सांगितलं," तो शांतपणे म्हणाला. "गुरुवारी मी तुमच्यासमोरच उभा होतो. मला विचारलं असतंत तर मीही सांगितलं असतं."

"डोक्यावर आठ गाड्या होत्या रे."

"माहीत आहे. म्हणून राग नाही." त्याने धाकट्याला मान लववून निरोप दिला. "ह्या जोडीतला डावा चांगला आहे साहेब. उजवा नवा मागवा, आणि पेटी इथे येऊन फोडा."

तो पलीकडच्या रस्त्याच्या दिशेने गेला. तिसऱ्यांदा विचारायची वेळ त्याने त्या लोकांवर आणली नाही.

खूण नसलेला उजवा दांडा यायला बारा दिवस लागले. तो उस्तादाने स्वतः बसवला, पाठ धरेपर्यंत. काँक्रीटच्या पट्ट्यावर धाकट्याने त्या दिवशी चाळीस उड्या मारल्या आणि काहीही तुटलं नाही.

आता कुणी काय भरलं ते बघू. थोरल्याचे तीन दांडे गेले, चौथा पेटीतच बाद झाला. ते त्याला परवडले. धाकट्याचा रविवार गेला. पुढच्या वर्षी दुसरा येईल. उस्तादाच्या अकराच्या अकरा गाड्या राहिल्या आणि चौदा वर्षांचा माणूस गेला. त्याची जागा भरायला त्याने दोघं ठेवले, तरी संध्याकाळी काम उरतंच. डावखुऱ्याला नव्या जागी पगार जास्त आहे. पण तिथे पहिल्याच दिवशी मालकाने त्याला विचारलं, "त्या गाडीचे ॲक्सल तूच तोडत होतास ना?" आणि शाबासकीने त्याच्या पाठीवर थाप मारली.