होडीत मागे कोण बसणार?

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा आत एकटी कानवाली होती.

हॉस्पिटलात तिला सगळे कानवालीच म्हणायचे. ऐकण्याची तपासणी करणं हे तिचं काम. पेशंटच्या कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक-मोठे आवाज ऐकवायचे आणि ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. मऊ अस्तराच्या भिंतींची ती खोली बोललेलं तिथल्या तिथे गिळून टाकायची. दिवसभर काचेपलीकडचे चेहरे बघत बसायचं, आणि संध्याकाळी घरी. घरी तरी वेगळं काय होतं म्हणा! सोबत राहणारी मैत्रीण लग्न करून गेली होती. आता घरात फ्रिजची घरघर तेवढी सोबतीला. रविवारी दादाचा फोन यायचा. "जेवलीस का?" "जेवले." मग वहिनी फोन घ्यायची आणि तेच विचारायची.

तर… लिफ्ट अडकली. थोड्या वेळाने बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं.

"आत कोणी आहे का?"

"आहे!"

"अहो, कोणी आहे का आत?"

"मी आहे की!"

मग तोच आवाज दुसऱ्या कुणाला तरी म्हणाला, "रिकामी दिसतेय. जेवून येतो मी."

आता मात्र तिने पायातली चप्पल काढली आणि दारावर दणादण हाणली. दार फाकलं, आणि वरच्या बाजूने एक डोकं खाली वाकलं. दाट भुवया, गालावर ग्रीसचा काळा पट्टा. त्याने हात दिला. एका हाताने त्याचा हात आणि दुसऱ्या हातात चप्पल धरून ती कशीबशी वर आली.

"ओरडायचं तरी!" उजवा कान तिच्याकडे वळवत लिफ्टवाला म्हणाला.

"ओरडले. तुम्ही दाराला डावा कान लावला होता का?"

"हो… का?"

"पुढच्या वेळी उजवा लावा. आणि तळमजल्यावर येऊन जा, माझ्या खोलीत. तपासून घ्या तो डावा."

"पहिल्याच भेटीत माणसात खोट काढता?"

"तुम्ही पहिल्याच भेटीत मला कोंडून जेवायला निघाला होतात."

तो हसला. हसता हसता त्याने तिच्या हातातली चप्पल घेतली, खाली वाकला आणि तिला पाय सरकवता येईल अशी नीट ठेवली. ती चपापली. असं काही तिच्यासाठी कुणी केल्याला फार दिवस झाले होते.

तो आला, पण चांगले आठ-दहा दिवस टाळाटाळ करून. काचेपलीकडे बसला. जाड, खालच्या पट्टीतले आवाज त्याला बरोबर ऐकू येत होते. मग तिने आवाज बारीक करत नेला. हेडफोनमध्ये आवाज वाजत होता, तिच्या समोरचा दिवा ते सांगत होता, आणि तो मात्र बटणावर अंगठा ठेवून, तिच्याकडे बघून मंद हसत, आवाज कधी येतोय याची वाट पाहत होता.

तिला त्याच्या त्या हसण्याकडे बघवेना.

"दोन्ही कान," बाहेर आल्यावर तिने सांगितलं. "डावा जास्त. हळूहळू… वाढेल हे. यंत्र लावलं की बराच फरक पडेल. अगदी पहिल्यासारखं नाही."

त्याने आपले ग्रीसने काळे झालेले हात पुढे धरले. "लिफ्ट मी कानाने दुरुस्त करतो हो," तो म्हणाला. "मोटर कुरकुरली की दुखणं कुठे आहे ते कळतं." मग एकदम मान वर करून, "मग ऐकू येतंय तोवर एकदा नदीवर जाऊन यायला हवं!"

"कुठल्या नदीवर?"

"चहा घेता?" त्याने विचारलं.

कँटीनच्या टेबलावर त्याने नदी मांडली. मिठाची डबी म्हणजे पूल. साखरेचं भांडं म्हणजे मामाचं घर. दोन्हीकडे डोंगर, त्यासाठी त्याने आपली आणि तिची बशी उपडी घातली. लहानपणी सगळ्या सुट्ट्या त्याने मामाच्या होडीत काढल्या होत्या. पाणी इतकं नितळ की तळातले गोटे हात घालून उचलावेत असं वाटायचं, आणि हात घातला तर ते असायचे पार खोल! थंडी सरली की पुलापासून निघायचं आणि दुपारपर्यंत मामाच्या दारात उतरायचं, असा त्याचा बेत होता.

"एकटेच जाणार?"

"होडी दोघांची आहे," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "एकट्याने नेली तर… गोल गोल फिरते."

तिने साखरेचं भांडं जरा पुलाजवळ सरकवलं. "फार लांब ठेवलंत. दुपारपर्यंत पोचणार कसे?"

त्यानंतर बेत रोज वाढत गेला. टोप्या घ्यायच्या की नाही, डबा कुणी आणायचा, उथळ पाण्यात होडी घासली तर खाली कुणी उतरायचं. "तुम्ही उतरायचं, मला थंडी वाजते." "अहो, पण बेत माझा आहे!" "म्हणूनच." त्याला यंत्र बसलं. पहिल्या दिवशी कपात चमचा वाजला तरी तो दचकायचा.

पुढच्या तपासणीला तो आला, तेव्हा ती कोरडेपणाने म्हणाली, "तुमचे कान यापुढे मोठ्या मॅडम बघतील. मी नाही."

त्याचा चेहरा पडला. "माझं काही चुकलं का?"

"माझ्या पेशंटबरोबर मी होडीत कशी बसणार?"

त्याला कळायला क्षणभर लागला. मग तो कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "मग आता… अहो-जाहो पुरे ना?"

"पुरे," ती म्हणाली. "तू आधी म्हण."

आणि मग एके दिवशी तो कँटीनला आलाच नाही. फोन लागेना, निरोपाला उत्तर नाही. ती त्याच टेबलावर चहा घेत बसली. मिठाची डबी नुसती मिठाची डबी होती. दोन दिवस तिने तग धरला. तिसऱ्या दिवशी त्याच्या कंपनीत विचारून ती एका उंच इमारतीच्या गच्चीवर पोचली. तिथे मोटरच्या खोलीत तो हात बरबटवून बसला होता.

"नदीचं रद्द," तिला बघताच तो म्हणाला.

"असं कसं रद्द?"

"मोठ्या मॅडमनी परवा तपासलं. आणखी उतरलंय. वर पाण्यात यंत्र चालत नाही, काढूनच ठेवावं लागणार. होडीत पुढे बसणारा खडक बघून ओरडतो आणि मागचा त्याप्रमाणे होडी वळवतो. तू पुढून ओरडणार, आणि मी मागे ढिम्म. बुडवायला नेऊ का तुला?" त्याने पाना खाली ठेवला. "उगाच कशाला… माझ्याबरोबर जन्मभर ओरडतच राहशील. नदीवरही आणि घरीही."

'घरीही' हा शब्द त्याच्या तोंडून निसटला. मोटर फिरू लागली होती. त्याने घाईघाईने पाठ वळवली.

ती जिन्याने खाली उतरली. प्रत्येक मजल्यावर तिला रडू येत होतं, आणि प्रत्येक मजल्यावर तो एक शब्द आठवून हसूही येत होतं.

गावाबाहेरच्या तलावावर एक निवृत्त बाई होडी चालवायला शिकवायच्या. दुसऱ्या दिवशी पहाटे कानवाली तिथे जाऊन उभी राहिली. "मला मागे बसायला शिकवा," ती म्हणाली. "मागे बसून वळवायला." धुकं असायचं, बोटं बधिर व्हायची, आणि होडी खरोखरच गोल गोल फिरायची. काठावरून बाई ओरडायच्या, "अगं, पाण्याशी भांडू नकोस!" हातांना फोड आले. रविवारी दादाचा फोन आला. "जेवलीस का?" "नाही रे, होडी शिकतेय." मग दादाने कितीतरी वर्षांत पहिल्यांदा दुसरा प्रश्न विचारला, "कुणासाठी गं?"

थंडी सरत आली तेव्हा ती पुन्हा त्या गच्चीवर गेली आणि आपले तळवे त्याच्यापुढे धरले. फोड वाळून घट्टे पडले होते.

"मागे मी बसणार," ती म्हणाली. "तू पुढे. खडक दिसला की तू ओरड, मला नीट ऐकू येतं."

तो तळव्यांकडे बघत राहिला. "कुठे शिकलीस?"

"तलावात. तलावात खडक नव्हते, तेवढं तू सांभाळ."

मामाने पुलाखाली होडी आणून ठेवली होती. लिफ्टवाल्याने यंत्र काढून डबीत ठेवलं, डबी खिशात घातली, आणि दोघं निघाली. पाणी त्याने सांगितलं होतं त्याहूनही नितळ होतं. होडीची सावली तळातल्या गोट्यांवरून सोबत सरकत होती. पहिल्याच उताराला पाणी खळाळलं, त्याने हात उजवीकडे फेकून "खडक!" अशी आरोळी ठोकली, तिने वल्हं दाबलं, होडी सुळकन वळली. दोघंही भिजली. "जमलं!" ती किंचाळली.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

पुढे पाणी संथ झालं. तिच्यापुढे फक्त त्याची ओली पाठ होती. डोंगर, ऊन, काठावरची झाडं, सगळं इतकं सुंदर होतं, आणि त्यातलं काहीच तिला त्याला सांगता येत नव्हतं. तिने एकदा हळूच हाक मारली. मग मोठ्याने. मग ती थांबली. हे असंच असणार आहे, तिने स्वतःला सांगितलं. दिवा बंद केल्यावर, पाठ फिरल्यावर, आजारपणात, म्हातारपणी. त्या काचेच्या अलीकडे बसल्यासारखं कितीदा वाटेल. तिने तो विचार झटकला नाही. होडी सरळ ठेवत पुरता करून घेतला. वल्ह्यावरचा हात ढिला झाला नाही.

अचानक त्याने वल्हं होडीत आडवं ठेवलं आणि एकेक पाय उचलून बसल्या जागी वळू लागला. होडी डगमगली.

"अरे, उलटवशील!"

ऐकतोय कुठला! तो पुरता फिरला आणि तिच्याकडे तोंड करून, गुडघ्याला गुडघा लावून बसला. केसांतून पाणी गळत होतं.

"चेहरा दिसल्याशिवाय मला काही कळत नाही," तो म्हणाला. "मघापासून तू काहीतरी बोलते आहेस असं वाटत होतं. बोल आता."

तिचे डोळे भरून आले. तिने वल्हं मांडीवर घेतलं आणि सावकाश, एकेक शब्द ओठांवर नीट घडवत म्हणाली, "मला तू हवा आहेस. भीती वाटते… तरी हवा आहेस."

तो तिच्या ओठांकडे बघत होता. वाक्य संपलं तरी बघत राहिला.

"मलाही वाटते," तो म्हणाला. आवाज त्याच्या नकळत फार मोठा झाला होता, समोरचा डोंगर तेच परत म्हणाला. ती हसायला लागली. "काय झालं?" त्याने विचारलं. तिने डोंगराकडे बोट दाखवलं, मग त्याच्याकडे, आणि मान हलवली. तो बापडा काही न समजता तिच्याबरोबर हसू लागला.

मग त्याने तिचा हात उलटा करून त्या घट्ट्यांवर ओठ टेकले. "मामा वाट बघत असेल खाली," तो पुटपुटला.

"बघू दे," ती म्हणाली. हे मात्र त्याला बरोबर कळलं.