एक दिवस दडवलेला बिघाड

वारज्याच्या पुलाजवळ, सर्व्हिस रोडच्या कडेला एक भलीमोठी पांढरी गाडी बंद पडली आणि पाठोपाठ परतीचा पाऊस सुरू झाला. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी आठवड्यावर आली होती. मैना दुकानाच्या पत्र्याखाली एका रिक्षाचा हॉर्न खोलून बसली होती. तिने मान वर केली, तर समोर एक माणूस नखशिखान्त भिजलेला… चष्म्यावर थेंब आणि काखेत मिटलेली छत्री.

"छत्री उघडत नाही का?" तिने विचारले.

"उघडते. पण दोन्ही हातांनी गाडी ढकलत होतो."

'गेनबा ऑटो इलेक्ट्रिकल्स'मध्ये पहिल्यांदा येणारा प्रत्येक माणूस आधी इकडेतिकडे बघायचा आणि विचारायचा, मिस्त्री कुठे गेले? मैनाला त्याची सवय झाली होती. हायवेसाठी जमीन गेली तेव्हा उरलेल्या तुकड्यावर तिच्या वडिलांनी, गेनबांनी, हे दुकान टाकले. मैना आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून आली आणि हळूहळू सगळे काम तिच्याकडे आले. गेनबा आता खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे. तरी लोक मिस्त्रीच शोधत. या माणसाने मात्र तिच्या हातातला मीटर पाहिला आणि सरळ तिलाच सगळे सांगायला सुरुवात केली – बॅटरी नवी आहे, संध्याकाळी भरलेली असते, सकाळी उतरलेली असते, आणि ही या वर्षातली तिसरी.

मैनाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तो माणूस तिला तिथेच थोडासा आवडला होता, पण हे तिला नंतर कळले.

गाडी साधी नव्हती. वीस वर्षांपूर्वी एका जुन्या मिनीबसमधल्या सीटा काढून तिचे घर केलेले होते. दोन पलंग, ओटा, कपाट, छोटा फ्रिज. हे सगळे करणारे गृहस्थ पुढच्या सीटवर पेपर वाचत बसले होते. गोपाळकृष्ण काका, टेलिफोन खात्यातून निवृत्त. मैनाने बॉनेट उघडले तसे त्यांनी पेपर न हलवता विचारले, "हिला दुरुस्त करणार, की चौथी बॅटरी विकणार?"

"बॅटरीचा दोष नाही, काका. कोणीतरी ती पितंय. कोण, ते शोधावं लागेल."

काकांनी पेपर खाली केला. एवढे शहाणपणाचे वाक्य तीन मिस्त्र्यांत एकानेही उच्चारले नव्हते, असे ते म्हणाले. काका नारायण पेठेतले; तिथे यापेक्षा जास्त कौतुक कोणी करत नाही.

भिजलेला माणूस म्हणजे त्यांचा पुतण्या अनंत. कोथरूडच्या एका शाळेत गणित शिकवायचा. आईवडील लवकर गेले, काका-काकूंनीच त्याला वाढवले. मैनाने दुसऱ्या बॅटरीची वायर जोडून गाडी सुरू करून दिली आणि ती दुकानामागच्या आवारात लावून घेतली. मग गाडी कशासाठी हवी, तेही अनंतने सांगितले. हेमाकाकूंचे बालपण बागलकोटला गेले होते. तीस वर्षांत त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. आता गुडघे धड नव्हते, आणि इन्सुलिन थंड ठेवावे लागे. रोज नव्या लॉजवर कुठे जिने चढायचे, कुठे फ्रिज मागायचा… म्हणून हे चाकांवरचे घर. भाऊबीज झाली की तीन दिवसांनी तिघांनी निघायचे ठरले होते. पण रात्रभर फ्रिज चालला नाही, तर निघण्यात अर्थ नव्हता.

"सापडेल?" त्याने विचारले.

"सापडेल. किती दिवसांत, ते विचारू नका."

अनंतच्या शाळेला सुट्टी लागली होती, प्रवासासाठी त्याने पुढची रजाही टाकली होती. अनंत रोज दुपारी बसने वारज्याला येऊ लागला. त्याने सोबत एक वही आणली होती. मैना मीटर लावून जो आकडा सांगे, तो तो वेळ घालून लिहून ठेवी. दोन दिवसांत दोन गोष्टी सापडल्या. एक, इंजिनाची अर्थची पट्टी गंजून झडायला आली होती. दुसरी जरा लबाड होती. गाडीत दोन बॅटऱ्या होत्या, एक इंजिनाची, एक घराची. गाडी थांबली की त्यांना एकमेकींपासून तोडणारा रिले चिकटून बसला होता. त्यामुळे घराने वीज खाल्ली की इंजिनही उपाशी राही. तिने रिले बदलला. गाडी पहिल्या चावीला सुरू व्हायला लागली. पण घराची बॅटरी सकाळी तेवढीच रिकामी!

"अजून कोणीतरी आत बसून खातंय," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पाऊस पुन्हा आला. दोघे गाडीच्या आत, दार ओढून बसले होते. टपावर थेंब वाजत होते, काचा वाफेने धूसर झाल्या होत्या. बाहेरच्या खड्ड्यातून टेम्पो गेला की पाण्याची एक चूळ दारावर येऊन पडे. मैना फ्यूजच्या डबीसमोर गुडघ्यांवर बसली होती. एकेक फ्यूज काढायचा आणि आकडा पडतो का ते बघायचे. मीटर अनंतच्या हातात होता.

"शून्य पूर्णांक आठ," तो वाचत होता. "शून्य पूर्णांक आठ… शून्य पूर्णांक आठ…"

"नीट बघताय ना?"

"बघतोय."

"मीटरकडे?"

त्याने मीटर डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाला, "आता मीटरकडे."

मैनाने मान फिरवली नाही. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या आणि त्या त्याला दिसत असणार, हे तिला ठाऊक होते. तिने पुढचा फ्यूज ओढला.

"पडला," अनंत म्हणाला. "शून्य!"

चोर त्या एका वायरवर होता. पण ती वायर आतल्या भिंतीच्या प्लायच्या मागे शिरली होती आणि पुढे कुठे गेली होती, कोण जाणे. काकांनी सगळ्या वायरी लाल वापरल्या होत्या. तेव्हा बाजारात लालच मिळाली, असे त्यांचे म्हणणे. मैना कपाळाला हात लावून हसू लागली. मग पाऊस थांबेपर्यंत काम बंद ठेवून त्यांनी गाडीतल्याच स्टोव्हवर चहा केला.

"तुम्हाला इथे सगळे ताई म्हणतात," अनंत कपात बघत म्हणाला.

"हो. तुम्ही काहीच म्हणत नाही."

"लक्षात आलंय?"

"पहिल्याच दिवशी."

एवढेच बोलणे झाले. पण त्या दिवशी गेनबांनी भाकरी मोडता मोडता विचारले, गाडी कधी नीट हुणार? आणि मैना म्हणाली, बघू की, घाई काय हाय… तेव्हा गेनबा तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मग दिवाळीचे चार दिवस दुकान बंद. अनंतचा फोन रोज यायचा. बिघाडाबद्दल दोन मिनिटे आणि बाकी कशाकशाबद्दल अर्धा तास. भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाने घराची बॅटरी भरून फ्यूज परत लावला आणि दुपारी ती एकटीच गाडीत शिरली. प्लायवर टकटक करत, वायरीचा माग काढत ती मागच्या कपाटापाशी आली आणि आधार घ्यायला तिने कपाटाच्या दारावर हात टेकला.

दार कोमट होते.

तिने दार उघडले. आत काकूंच्या साड्या ठेवायच्या खणावर दहा वॅटचा एक पिवळा बल्ब जळत होता. दार उघडले की लागावा, मिटले की विझावा, म्हणून काकांनी चौकटीत एक खटका बसवला होता. त्या खटक्याची स्प्रिंग गंजली होती. दार मिटले तरी बल्ब चालूच राही, आणि बंद दारामागचा उजेड कोणाला दिसणार? रात्रंदिवस तो एकटा आत जळत होता.

पाच मिनिटांचे काम. मैना पलंगाच्या कडेवर बसून राहिली.

खटका बदलला की परवा ते जाणार. पंधरा-वीस दिवसांनी येणार ते सरळ नारायण पेठेत. बरी झालेली गाडी वारज्याला कशाला येईल? आणि अनंत तरी कोणत्या निमित्ताने येईल? तिने कपाट मिटले. संध्याकाळी त्याचा फोन आला, सापडलं का म्हणून. ती म्हणाली, "अजून नाही."

आयुष्यात पहिल्यांदा ती गिऱ्हाइकाशी खोटे बोलली. जेवण गेले नाही.

सकाळी आठला पुन्हा फोन. अनंतचा आवाज उतरलेला होता. काकांनी गाडी विकायचे ठरवले होते. मुळशीकडच्या एका हॉटेलवाल्याला तिची चाके काढून तिला चहाची टपरी म्हणून उभी करायची होती. तो दुपारी गाडी बघायला येणार होता. काका म्हणाले, परक्या रस्त्यात हिचं औषध नासलं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू? "काकूने रात्रीच सामान सोडलं," अनंतने सांगितले. "पिशवीत भरलेल्या साड्या काढून परत घरच्या कपाटात ठेवल्या."

मैनाने फोन ठेवला आणि वडिलांना सगळे सांगून टाकले. गेनबा रागावले नाहीत. म्हणाले, "चुकलीस. आता फोनवर नगं सांगू. समोर जा."

नारायण पेठेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी ती पोचली तेव्हा तिघे चहाला बसले होते. तिने उभ्या उभ्याच सांगितले – बिघाड सापडलाय, कपाटातला बल्ब आहे, गाडी विकू नका.

"कधी सापडला?" काकांनी विचारले.

"काल दुपारी."

"आणि सांगताय आज सकाळी. मधे मुहूर्त नव्हता का?"

मैनाने घरून निघताना दहा कारणे जुळवली होती. ती सगळी तिने तिथेच सोडून दिली. ती काकूंकडे बघून म्हणाली, "सांगितलं असतं तर… तुम्ही गेला असता."

"अहो, जाण्यासाठीच तर गाडी दिली होती तुमच्याकडे!" काका म्हणाले. हेमाकाकूंनी एकदा मैनाच्या चेहऱ्याकडे पाहिले, एकदा पुतण्याच्या. मग कप खाली ठेवला.

"अहो, जरा आत या."

"मी आतच आहे."

"मग अजून आत या," काकू म्हणाल्या आणि त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

बाहेरच्या खोलीत दोघेच उरले. खालून भाजीवाल्याची आरोळी आली आणि गेली.

"काकू रात्री सामान काढत होती ते मी पाहिलं," अनंत म्हणाला. "त्याचा मला राग आलाय."

"यायलाच हवा."

"किती दिवस राहील, सांगता येत नाही."

"बरं."

"पण तू का सांगितलं नाहीस…" तो थांबला. त्याने तिला पहिल्यांदाच 'तू' म्हटले होते. "ते मला फार आवडलंय. दोन्ही एकदम झालंय. गणितात असं बसत नाही."

मैनाचे डोळे भरून आले होते आणि हसूही येत होते. "मी पुन्हा असं करणार नाही," ती म्हणाली. "माझ्या मनात काही असलं, तर सरळ सांगेन."

"मग आत्ताच सांग."

"तुम्ही रोज यावं असं वाटतं. गाडी नसली तरी."

अनंतने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. "येईन," तो म्हणाला. "तुम्ही नाही. तू."

हॉटेलवाल्याला नको म्हणून कळवले गेले. त्याच दुपारी मैनाने नवा खटका बसवला आणि अनंतला कपाटात तोंड घालून, दार जवळजवळ मिटून, बल्ब विझतो की नाही ते बघायला लावले. ठरल्या दिवशी गाडी निघाली. रोज सकाळी अनंतचा फोन यायचा, बॅटरीचा आकडा सांगायला. बारा पूर्णांक पाच. बारा पूर्णांक सहा. बागलकोटहून एकदा काकूंनीच फोन घेतला. जुन्या शाळेची इमारत अजून तशीच आहे, लहानपणची एक मैत्रीण भेटली, दोघी ओट्यावर बसून रडलो, असे त्यांनी सांगितले. आणि हळूच म्हणाल्या, "हा रोज सकाळी आकडा सांगायला अर्धा तास लांब जातो. एवढा मोठा आकडा आहे का गं?"

सोळाव्या दिवशी गाडी परत आली. ती पेठेत गेली नाही, आधी वारज्याला थांबली. काका खाली उतरले, गेनबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले की त्यांना गाडीबद्दल नाही, मुलाबद्दल बोलायचे आहे. गेनबांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "माणसं चांगली हायत तुम्ही. पण माझी पोर हे दुकान सोडणार न्हाय."

"तिने दुकान सोडलं तर आमची गाडी कोण बघेल?" काका म्हणाले. अनंतने प्रवासातूनच फोन करून वारज्यात भाड्याची खोली शोधायला घेतली होती. इथून शाळाही जवळ पडत होती.

"पण मला अजून कोणी विचारलंच नाहीये," दारात उभी राहून मैना म्हणाली.

दोन्ही म्हाताऱ्यांनी अनंतकडे बघितले. अनंत खड्ड्यातले पाणी ओलांडून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. प्रवासाने काळवंडला होता, दाढी वाढली होती.

"लग्न करशील माझ्याशी?"

विचार करून सांगते म्हणायचे, असे मैनाने गेले चार दिवस घोकून ठेवले होते. पण तो एवढा घाबरलेला दिसत होता की तिला ते जमले नाही.

"करीन," ती म्हणाली. मग स्वतःच्या ग्रीसने काळ्या झालेल्या हातांकडे बघून तिने ते मागे घ्यायच्या आत, त्याने ते दोन्ही आपल्या हातांत घेतले.