जामीनदाराची निशाणी

देवासला त्या काळी रस्ता ओलांडला की माणूस परमुलखात जात असे. थट्टा नाही करत. एकाच गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. बाजारातल्या रस्त्याच्या या अंगाला एकाचा शिपाई उभा, त्या अंगाला दुसऱ्याचा. अशा गावात धारचा भास्कर मास्तर होऊन आला, म्हणजे तो दोन्हीकडे परकाच. शाळा थोरल्या पातीत आणि बिऱ्हाड धाकट्या पातीत, मानाजीच्या घरी.

प्लेगचे दिवस होते, सन एकोणीसशे चारचा सुमार. बाहेरच्या मास्तराला राहायचं तर थोरल्या पातीच्या कचेरीतून वर्षाचा परवाना लागे, आणि तो फाल्गुनातल्या अमावास्येला संपे. मुदत वाढवायची तर दरबारच्या जुन्या चाकरीतल्या कुणीतरी जामीन राहायचं आणि जातीने येऊन कागदावर निशाणी करायची. दिवस चुकला तर दिवस मावळायच्या आत गाशा गुंडाळायचा आणि वर्षभर हद्दीत पाऊल टाकायचं नाही.

भास्करचा जामीन मानाजीच. थोरल्या पातीच्या घोडदळात हयात गेलेली, मिशा पांढऱ्याशुभ्र, गुडघे कामातून गेलेले. लिहिता मात्र येत नसे. ज्याला लिहिता येत नाही तो तेव्हा आपल्या धंद्याची खूण काढी. कुणबी नांगर काढी, बाई बांगडी काढी आणि शिपाई कट्यार. पहिल्या वर्षी मानाजीने कट्यार काढली खरी, पण कचेरीबाहेर आल्यावर त्याचं तोंड उतरलं.

"घरात मास्तर ठेवलाय आणि मी अजून चाकूच काढतोय," तो म्हणाला. "पुढल्या साली नाव लिहिणार, मास्तर. पक्कं."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ओसरीच्या कोपऱ्यात पाटी निघे. मानाजीची थोरली बहीण अक्का, बालपणीच विधवा होऊन भावाकडे राहिलेली, आतून हसून घेई. वर्षभरात म्हातारबुवांचे 'मा' आणि 'ना' कसेबसे झाले. 'जी' काही केल्या वळेना. घोडा वळवणं सोपं, असं तो म्हणे. भास्कर त्याचा जाडजूड हात हातात धरून गिरवून घेई, आणि शाळेतल्या पोरांना रोज म्हणायचा तेच धडा संपताना त्यालाही म्हणे, "छान. पुढचं उद्या." भास्करला वडील आठवतच नव्हते. त्या ओसरीवर त्याला पहिल्यांदा वाटलं, की आपण कुणाच्या तरी घरात आहोत. परवान्याची काळजी होती ती नोकरीपुरती नव्हती, त्या कोपऱ्यासाठी होती.

होळीला तो धारला गेला आणि आईच्या तापाने अडकून पडला. ताप उतरला तेव्हा अमावास्या उद्यावर आली होती. तो रातोरात निघाला, इंदूरला टांगा बदलला आणि आग्रा रोडची धूळ खात देवासला पोचला तेव्हा दुपार कलत आली होती. घरी जाऊन मानाजीला घेऊन यायला आता वेळ नव्हता. तरी कचेरी अजून उघडी आहे का ते बघावं म्हणून त्याने टांगा तिकडे घ्यायला सांगितलं.

कचेरीच्या पायरीवर मानाजी बसला होता.

पांढरी पगडी, धुवट अंगरखा. आज पायांत जोडे नव्हते एवढंच. भास्करचा जीव भांड्यात पडला. त्याने वाकून म्हाताऱ्याचे पाय शिवले आणि पटकन हात मागे घेतला. बाहेर दगड पोळत होते आणि ते पाय माठाच्या बुडासारखे गार होते. अंगाला तुळशीचा वास येत होता, आणि उजव्या हाताचं बोट पिठाने पांढरं झालं होतं. अक्काने जात्यावर बसवलं की काय, असं भास्करने हसत विचारलं. मानाजी भास्करकडे नुसता बघत राहिला, फार दिवसांनी घरी आलेल्या मुलाकडे बघावं तसा.

आत कारकून विश्वासराव बसले होते. जाड भिंगांचा चष्मा आणि नाक कागदाला टेकलेलं. त्यांनी मान वर न करता परवाना पुढे सरकवला. मानाजीने बोरू घेतला. 'मा' काढला, 'ना' काढला, आणि तिथे हात थांबला. बराच वेळ थांबला. मग त्याने शेजारी हळूच कट्यार काढली. कागदावर पिठाचा एक ठसा राहिला. विश्वासरावांनी तो फुंकून टाकला आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर मानाजी पहिल्यांदा बोलला, अगदी हलक्या आवाजात.

"शेवटचं राहिलं, मास्तर..."

"राहू दे. आज दिवेलागणीला करून टाकू."

"तुम्ही सामान आणा. मी होतो पुढं."

गुडघे गेलेला माणूस भराभर चालत रस्ता ओलांडून धाकट्या पातीत शिरला. भास्करने टांगेवाल्याकडून ट्रंक उतरवून घेतली आणि वळून पाहिलं तर रस्ता मोकळा होता.

घरी दारात अक्का उभी होती. भास्करला पाहताच ती खाली बसली आणि रडली. मानाजीला जाऊन नऊ दिवस झाले होते. तीन दिवसांचा ताप. शेवटच्या दिवशी सारखा अमावास्या कधी आहे ते विचारत होता, म्हणाली. मरण धाकट्या पातीच्या वहीत लिहिलं गेलं होतं; रस्त्यापलीकडच्या कचेरीला त्याचा पत्ता असायचं कारण नव्हतं.

भास्करच्या खिशात परवाना होता. वरची शाई नीट वाळलीही नसेल.

"मास्तर, तुम्ही शिकलेले," अक्का डोळे पुसत म्हणाली. "एक गोष्ट दाखवते. मला समजत नाही. मन घाबरं होतं."

ओसरीच्या त्याच कोपऱ्यात मानाजीने प्राण सोडला होता. तिथे रीतीप्रमाणे पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला होता आणि वर वेताची टोपली पालथी घातली होती. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला ते त्या पिठात उमटलेल्या पावलावरून कळतं, असं म्हणतात. अक्का रोज सकाळी टोपली उचलायची आणि पीठ सारखं करायची. रोज तेच पाऊल उमटायचं.

तिने टोपली उचलली.

"हे कोणत्या पाखराचं पाऊल, मास्तर?"

पिठात बोटाने दोन अक्षरं काढलेली होती. 'मा'चा काना थोडा तिरका, भास्करने हजारदा दुरुस्त केलेला. पुढे तिसऱ्या अक्षरासाठी जागा सोडली होती आणि तिथलं पीठ पुन्हा पुन्हा चाचपून उकरल्यासारखं झालं होतं.

भास्करने अक्काला खरं ते सांगितलं, कचेरीतलंसुद्धा. भीती होतीच, पण त्याहून जास्त दाटून आलं होतं ते दुसरंच. म्हातारा आपल्या शब्दाला जागला होता. त्याची इथली मुदत संपली होती आणि तो भास्करची वाढवायला थांबला होता.

अक्काने टोपली पुन्हा पालथी घातली. मग म्हणाली, "त्याला सोडा, मास्तर. तुमचं काम झालं ना... आता त्याला जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी पाडवा होता आणि मानाजीचा दहावा. गावात घराघरांवर गुढ्या चढत होत्या आणि ही दोन-चार माणसं तलावाकाठी पिंड मांडून बसली होती. अमझेऱ्याहून आलेल्या पुतण्याने विधी केले. कावळे आले, निंबाच्या फांदीवर रांगेने बसले, आणि एकही खाली उतरेना. पुतण्याने अक्काला सांभाळायचं कबूल केलं. अक्काने मानाजीच्या म्हाताऱ्या घोडीला विकणार नाही म्हणून सांगितलं. ऊन डोक्यावर आलं. कावळे हलेनात.

भास्कर पुढे झाला. आपण काय गमावतो आहोत ते त्याला कळत होतं. मानाजी गेला की पुढच्या फाल्गुनात या प्लेगच्या गावात परक्याला कोण जामीन राहणार? तो पिंडाजवळ ओल्या वाळूत बसला आणि बोटाने मोठा 'जी' काढला. शेजारी हात धरल्यासारखा आपला डावा हात त्याने हवेत धरला.

"हात सैल सोडा, मानाजी. वरून वळवा... असा. घोड्यासारखा ओढू नका."

त्या रिकाम्या मुठीला काहीतरी गार लागलं. वाळूत त्याच्या 'जी'खाली दुसरा 'जी' सावकाश उमटला, जरा लंगडा, पण पुरा. फांदीवरून एक कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावली. अक्काने पदर डोळ्यांना लावला. भास्करच्या तोंडाला वर्षानुवर्षं पडलेली सवय तेवढ्यात बोलून गेली.

"छान. पुढचं उद्या."

कावळ्याने चोच काढली आणि मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं. पिंडापुढे दिलेला शब्द पाळावा लागतो, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

वर्ष बरं गेलं. टोपली उचलली गेली, कोपरा सारवला गेला, आणि पाटी पुन्हा निघाली नाही. भास्कर अक्काला औषधपाणी करी आणि अक्का त्याला ताटावर बसवून वाढी. जामीन मात्र मिळाला नाही. फाल्गुनातल्या अमावास्येला त्याने ट्रंक भरली आणि जुना परवाना परत करायला तो कचेरीत गेला.

विश्वासरावांनी मान वर न करताच नवा कागद पुढे केला.

"तुमचे जामीनदार सकाळीच येऊन गेले की. आता अच्छी खासी सही करतात."

खाली मानाजीचं पूर्ण नाव होतं. कट्यार नव्हती. मुदतीचा रकाना मोकळा होता.

"किती लिहू म्हणून विचारलं," विश्वासराव म्हणाले, "तर म्हणाले, मास्तर शिकवतील तोवर."

भास्कर रस्ता ओलांडून घरी आला. दिवेलागण झाली होती. सारवलेल्या कोपऱ्यात धुतलेली पाटी ठेवली होती. आपण ठेवली नाही, असं अक्का म्हणाली. भास्कर पाटीपुढे मांडी घालून बसला. खरं सांगायचं तर तुळशीचा वास आला तेव्हा त्याला बरं वाटलं. शब्द दिला होता, तेव्हा धडा ओळीनं घ्यावा म्हणून त्याने पहिल्यापासून धरलं, ग म भ न. 'ग' काढला, 'म' काढला, आणि पुढचं अक्षर काढताना त्याचा हात थांबला. ते त्याच्या स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर होतं, आणि या कोपऱ्यात सुरू केलेलं नाव पुरं झालं की माणूस जातो, हे त्याने तलावाकाठी पाहिलं होतं. तेवढी जागा कोरी सोडून त्याने 'न' काढला आणि हळू आवाजात म्हणाला, "आज एवढंच."

सकाळी अक्काने पाटी उचलून आणली आणि रात्री कोऱ्या सोडलेल्या जागेवर बोट ठेवून विचारलं, हे मधलं पाऊल कुणाचं.