आठवी पिवळी रेषा

सुट्टी संपायला दहा दिवस उरले होते आणि हत्तीण अकरा वाजता कालव्यावर पोहोचायची होती. म्हणून पिवळी सकाळी सातलाच वाकडा पान्हा घेऊन तिच्या पाठीवर चढली.

हत्तीण म्हणजे आजीचा टोइंगचा जुना ट्रक. दहा जाड चाकं, मागे सोंडेसारखा लोखंडी हात, त्यावरून जाणारा पोलादी दोर आणि तो दोर गुंडाळणारं विंच. आजीने तो तीस वर्षं चालवला. एकदा म्हणे हत्तिणीने चिखलात रुतलेली बस अशी काही ओढली की आत झोपलेल्या प्रवाशाला जाग आली ती थेट त्याच्या घराच्या दारात. या गोष्टीत दर वर्षी एक बस वाढते. यंदा चार झाल्या होत्या. पुढे हत्तीण बारा वर्षं शेडमागे गंजत पडली, बॉनेटखाली मांजरांच्या सहा पिढ्या नांदल्या, आणि या सुट्टीत मामाच्या मनाने घेतलं की हिला पुन्हा उभी करायची.

मामाच्या हाताखाली तिघं राबली. पिवळी, तिचा धाकटा भाऊ प्रश्न्या, आणि मामाचा मुलगा डब्या, ज्याच्या काखेत खाऊचा डबा कायम असे. महिनाभर त्यांनी गंज खरवडला, बोल्ट रॉकेलमध्ये धुतले, नाकात काळं तेल घालून घेतलं. बदल्यात मामाने एकच वचन दिलं होतं. हत्तीण उठली की विंचचा दांडा पहिल्यांदा ओढायचा तो पिवळीने.

मामाच्या वर्कशॉपची एक रीत होती. नट पुरता आवळला की नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची बारीक रेषा ओढायची. पुढे नट सैल झाला, तर रेषा तुटलेली दिसते. प्रत्येकाचा रंग वेगळा. मामाचा लाल, आजीचा निळा, आणि जिचा पिवळा तिला पुढे कोणी खऱ्या नावाने हाकच मारली नाही. ब्रश हातात देताना मामा म्हणाला होता, "ही रेषा म्हणजे तू दिलेला शब्द. आवळल्याशिवाय ओढायची नाही."

विंचच्या झाकणाला आठ नट होते. परवा पिवळीने सात आवळले, सात रेषा ओढल्या. आठवा नळीच्या आड होता. त्याला वाकडाच पान्हा लागे, आणि तो लेथवाल्याने नेला होता. काल दुपारी मामाने तिघांना तो आणायला पिटाळलं. लेथवाला नेमका कुठेतरी उंडारायला गेलेला. पान्हा घेऊन परत येईतो शेडला कुलूप लागलं होतं.

आता ती आठव्या नटावर वाकली आणि तिचा हात थांबला. नटावर पिवळी रेषा होती. छान, सरळ, तिच्यापेक्षाही सुबक.

"तूच ओढली असशील आणि विसरली असशील," प्रश्न्या खालून म्हणाला.

पिवळीने पान्हा लावला. नट लोण्यासारखा अर्धा वेढा फिरला आणि रेषेचे दोन तुकडे झाले.

कोणीतरी झाकण उघडलं होतं. परत लावताना त्याने आठही नटांवर तिच्या रंगाच्या रेषा ओढल्या होत्या, आणि सातच होत्या हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तेवढ्यात ऑफिसचं दार धाडकन आपटलं. सकाळपासून ते आपटतच होतं.

"हे दार आजच का आपटतंय?" प्रश्न्याने विचारलं. त्याच्या शंभर प्रश्नांतला एक तरी कामाचा निघतो, तो हा होता. विंचमधलं जुनं दातेरी चक्र झिजून गोटा झालं होतं, म्हणून लेथवाल्याने पितळेचं नवं करून दिलं होतं. जुनं चक्र दाराला अडसर म्हणून ठेवलं होतं. आता ते जागेवर नव्हतं. ते कुठे असेल, हे तिघांनाही एकदमच कळलं, आणि डब्याचा घास तोंडातच राहिला.

मग नवं कुठे गेलं? त्यांनी शेड पिंजून काढली. भंगाराच्या पिंपात, चिंध्यांच्या तळाशी, एका शर्टात गुंडाळलेलं ते सापडलं. चार दाते साफ उडालेले. डब्या शर्टाकडे बघत राहिला. चौकड्यांच्या शर्टावर एकच बटण निळं होतं. शाळेत शिवणकाम शिकल्यावर त्याने स्वतः लावलेलं.

"बाबांचा आहे," तो म्हणाला आणि त्याने डबा बंद केला. डब्याने भरलेला डबा बंद केल्याची ही जगातली पहिलीच नोंद असावी, पण तेव्हा कोणाला हसू आलं नाही.

प्रश्न्या आजीकडे धावत सुटणार होता. पिवळीने त्याची कॉलर धरली. रंगाची बाटली ती हत्तिणीच्या सीटखाली ठेवायची आणि ती जागा मामानेच तिला करून दिली होती. तरीही तिला वाटत होतं, विचारलं की तो सांगेल. मामाच तो.

मामा चहा पीत उभा होता. विंचचं झाकण कोणी उघडलं होतं का, असं तिने विचारलं.

मामाने कपातून मान वर केली नाही. "तुझ्याच रेषा आहेत ना गं त्यावर? मग झालं तर."

लबाडी तर झालीच होती, वर ती पिवळीच्याच नावावर लागली होती.

कालव्यावर अकरा वाजता ही गर्दी. उतारावर पाण्याचा टँकर तोंड खुपसून पडला होता आणि टँकरवाला लोकांना तो कसा पडला हे सहाव्यांदा सांगत होता. आजीने हातमोजे चढवले. हूक लावायला खाली तीच उतरणार होती, नेहमीसारखी. झिजलेल्या चक्राने दगा दिला, तर टँकर तिच्याच अंगावर येणार होता.

पिवळी पुढे झाली. तिच्या हातात लाल रंगाची बाटली होती.

"मामा, आठवा नट मी आवळलेला नाही. माझी रेषा नाही ती. आजी खाली उतरायच्या आधी तू तुझी लाल रेषा ओढ."

मामा हसला. म्हणाला, आता कसली रेषा, लोक खोळंबलेत. पण तिने ब्रश पुढे केला तो केलाच. मामाने तो घेतला, विंचवर वाकला. ब्रश नटाच्या वर बोटभर अंतरावर थांबला. लाल थेंब टोकाशी जमला, मोठा झाला, पत्र्यावर टपकला. मामाचा हात काही खाली येईना. खोटी पिवळी रेषा त्याने बेलाशक ओढली होती, पण खोटी लाल ओढवेना.

"ओढ की रे," आजी म्हणाली. मग तिने हातमोजे काढले. "नाही ना ओढवत? उघड झाकण."

झाकणाखाली जुनं गोटा चक्र बसलं होतं. डब्याने शर्टाची गुंडाळी बापाच्या हातात दिली.

मामाने मग सगळं सांगितलं. काल मुलांना पिटाळून त्याने मित्रांसमोर हत्तीण चालवली होती. रोड रोलर ओढून दाखवायला गेला, झटका बसला, दाते उडाले. आज टँकर ओढून झाला की गुपचूप नवं करून बसवणार होता.

"म्हणजे पहिल्यांदा दांडा तूच ओढलास?" पिवळीने विचारलं.

मामाने मान खाली घातली. पिवळीला टँकरपेक्षा, चक्रापेक्षा तेच जास्त लागलं.

आजीने सगळ्यांसमोर त्याची अशी हजेरी घेतली की टँकरवाला स्वतःची गोष्ट विसरला. मग ती पिवळीला म्हणाली, "तीस वर्षं हूक लावला. आज पहिल्यांदा कोणी माझी काळजी घेतली. शाबास गं पोरी. आणि तुम्ही दोघंही."

आठ दिवसांत लेथवाल्याने दुसरं चक्र केलं. या खेपेला दांडा पिवळीच्या हातात होता. हत्तीण गुरगुरली, दोर ताठ झाला, आणि टँकर वर आला तो थेट रस्त्यावर. (पुढल्या वर्षी ते दोन टँकर होतील, आजी आहे तोवर चिंता नाही.) टँकरवाल्याने तिघांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, डब्याच्या वेळी तो बेत सोडून दिला.

मामा सर्वांत शेवटी आला. तिच्या रंगाला हात लावला ते फार वाईट केलं, असं म्हणाला आणि त्याने झाकण दाखवलं. त्याने आवळलेल्या आठही नटांवर लाल रेषा होत्या.

"शाबास, पिवळे," तो म्हणाला.

पिवळी मामाकडे पाहून थोडंसं हसली. मग तिने खिशातून वाकडा पान्हा काढला आणि आठवा नट स्वतः तपासून पाहिला.