मोत्रिया आज्जीचं बाकडं

फोन खाली ठेवा रे आता! शत्रूची फौज इथवर येते का नाही, हे त्या नकाशाला बापजन्मात कळायचं नाही. चहा ओता आणि ऐका. आपल्या ओस्तापची गोष्ट आहे. खोटी असेल तर माझी जीभ झडो.

वेरेस्नी गावातून माणसं बाहेर काढायची गाडी ओस्ताप चालवायचा. अंदाजात पटाईत. नकाशावरचा शत्रूचा लाल रंग बघून कधी निघायचं ते तो सांगायचा आणि गाव त्याच्यावर विसंबायचं. मोत्रिया आज्जी गाठोडं बांधून तयार होती, तर हाच म्हणाला, "एवढी घाई कशाला, आज्जी? बर्फ पडेपर्यंत ते काही कालवा ओलांडत नाहीत. बटाटे काढून घे, मग नेतो."

एकोणीस ऑक्टोबरच्या रात्री कळलं, ते कालवा ओलांडून आले. ओस्ताप ताडकन उठला. आपल्या शब्दावर म्हातारी थांबली! दिवे मालवून त्यानं गाडी हाणली.

आज्जी फाटकाशी बाकड्यावर बसलेली. मांडीवर गाठोडं.

"चल आज्जी, लवकर!"

"आधी बस. बसल्याशिवाय कोणी प्रवासाला निघतं का? आईनं काही शिकवलं नाही वाटतं!"

आता ही तर आपली रीतच. निघण्याआधी घटकाभर गप्प बसायचं. बसला बिचारा तिच्या शेजारी.

तोफा थांबल्या. कुत्रीही गप्प...

"किती दिवसांत येतील रे ते?"

"आज रात्रीच, आज्जी. चुकलं माझं. ऊठ ना!"

"नाही येत. आपण उठेपर्यंत नाही येत."

त्यानं तिचा हात धरला. गार...

फाटकातून आत पाहिलं. घराला छप्पर नव्हतं. बटाट्याच्या वाफ्यात ताजी माती. वर क्रूस. त्यावर नाव... मोत्रिया.

वळून बघतो तर बाकडं रिकामं.

पळाला तो. गाडीत कसा चढला, त्यालाही ठाऊक नाही.

सगळे म्हणाले, वेरेस्नी दोन दिवसांत पडणार. आज फेब्रुवारी उजाडला. लाल रंग तिच्या गल्लीच्या तोंडाशीच अडलाय. का? विचारा तुमच्या नकाशाला!

दान्यलो, इकडे ये रे! सांग की यांना, काल तुझ्या ड्रोननं काय दाखवलं... राहू दे, मीच सांगतो. अंगातली ऊब टिपतो ना याचा कॅमेरा, त्यातनं बघत होता. गावात जिवंत माणूस नाही. गुडघाभर बर्फ. आणि त्या बाकड्यावर एकच जागा कोरडी... उबदार. त्या रात्री ओस्ताप बसला होता, तीच.

आणि ओस्ताप? तो त्या वेळी इथंच होता, माझ्यासमोर. शेगडीला चिकटून... कुडकुडत. त्या रात्रीपासून त्याला ऊब म्हणून कशी ती येतच नाही.